डावी की उजवी

"करदोडा काढा, बाबा," प्रेमराज तिसऱ्यांदा म्हणाला आणि त्याने हातातला स्टीलचा ट्रे आणखी पुढे सरकवला.

रुपचंदआबांनी दोन्ही हात कमरेवर दाबून धरले. ट्रेमध्ये त्यांचं घड्याळ, किल्ल्यांचा जुडगा आणि कवळी आधीच पडली होती. कवळी निघाल्यामुळे गाल आत गेले होते, पण आवाजातली गुर्मी तिळभर कमी झाली नव्हती.

"बाप मरना तवय जुना तोडा. हाऊ त्याना नंतर बांधेल शे. आते मी मरसू तवयच निंघी."

"चांदीचा आहे तो. आत धातू चालत नाही."

"मंग तुन्ही मशीन बंद ठेव."

प्रेमराज धुळ्यातल्या या स्कॅन सेंटरवर सहा वर्षं काम करत होता. त्याने बायकांची मंगळसूत्रं उतरवली होती, पैलवानांचे ताईत उतरवले होते, पण करदोड्यावर असा अडून बसलेला म्हातारा पहिलाच. त्याने आबांच्या मुलाकडे पाहिलं. नवलने बापाच्या खांद्याला हात लावला आणि तो झटकला गेला.

"हाई बठ्ठी मास्तरीननी करनी शे," आबा समोरच्या भिंतीला म्हणाले. "धडधाकट मानूसले धरीसन आनं."

मास्तरीण म्हणजे त्यांची सून दिपमाला. ती कोपऱ्यातल्या खुर्चीवर कपाळापर्यंत पदर ओढून, मांडीवर फाइल घेऊन बसली होती. लग्नाला अकरा वर्षं झाली, पण आबा तिच्याशी एक शब्द थेट बोलले नव्हते. लेकी बोले सुने लागे म्हणतात. या घरात लेक नव्हती, त्यामुळे ते काम भिंतींना करावं लागे. नाहीतर बैलांना.

शेवटी तानुबाई उठली. तिने नवऱ्याच्या सदऱ्याखाली हात घातला, गाठ चाचपली आणि दातओठ न खाता, लुगड्याची निरी सोडावी तशी ती सोडवली.

"उभा ऱ्हावा नीट. इतला लवकर मरतस नही तुम्ही. मन्हं नशीब इतलं चांगलं नही शे."

करदोडा तिने आपल्या पदराच्या टोकाला बांधला. आबा शिव्या देत आत गेले. दार बंद झालं आणि थोड्या वेळाने आतून ठकठक सुरू झाली.

दिपमालाला त्या आवाजाने बरं वाटलं. निदान अर्धा तास तरी तो माणूस हलणार नव्हता आणि बोलणार नव्हता.

ती भुसावळची, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेली. तिच्या माहेरी सासरे-सुना एका ताटलीतले शेंगदाणे खात टीव्ही पाहत. सोनगीरच्या आतल्या अंगाला असलेल्या या गावात आल्यावर तिला पहिल्याच दिवशी सांगितलं गेलं, सासऱ्यासमोर तोंड दाखवायचं नाही, त्यांच्याशी बोलायचं नाही. आबा घरात शिरण्याआधी दारात खाकरत. मग तिने पदर ओढून आत व्हायचं. ती सोनगीरला शाळेत विज्ञान शिकवायची. उघड्या डोक्याने साठ पोरांसमोर ग्रहणं समजावून सांगायची आणि संध्याकाळी गावच्या पाण्याच्या टाकीपाशी स्कूटी थांबवून डोक्यावर पदर घ्यायची. इतर घरांतून ही पद्धत केव्हाच सैल झाली होती. शेजारची कोकिळा तर सासऱ्याला गाडीवर मागे बसवून बाजाराला नेई. आबा म्हणत, "दुसरासना घरमा काय बी चालो." दिपमालाने ही रीत पाळली, ती मानापोटी नव्हे. नियम तोडून त्या म्हाताऱ्याला बोलायला निमित्त द्यायचं नाही, एवढ्याचसाठी.

सोमवारी सकाळी ती नेहमीप्रमाणे चहा घेऊन ओसरीवर गेली होती. आबा रोज आठ वाजता खांबावरच्या आरशासमोर स्टुलावर बसून दाढी करत. घराकडे पाठ. चहाचा कप मागच्या कट्ट्यावर ठेवायचा, बांगड्या वाजवायच्या आणि परत फिरायचं, अशी रीत. त्या दिवशी तिला आरशात दिसलं की आबांचं तोंड एका बाजूने ओघळलंय. ओठाचा कोपरा खाली लोंबत होता. पापणी अर्धी मिटली होती. हातातला वस्तरा त्यांनी मांडीवर ठेवून दिला होता. मग जसं आलं तसं ते गेलं. तोंड जागेवर आलं, आबांनी फेस पुसला आणि ते मळ्यात निघून गेले.

तिने नवलला सांगितलं. नवलने बापाला विचारलं. बाप म्हणाला, काही झालं नाही, तुझ्या बायकोला माझं मरण दिसायला लागलंय. खरं कोणाचं धरायचं, हे नवलला ठरवता येईना. पण कट्ट्यावर चहा तसाच पडला होता, आणि आबांनी जन्मात कधी चहा टाकला नव्हता. म्हणून तो त्यांना धुळ्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे घेऊन आला.

डॉक्टर योगेंद्र यांनी त्या पहिल्या भेटीत एकच गोष्ट खोदून विचारली. तोंड कोणत्या बाजूला ओघळलं होतं?

दिपमालाने क्षणभर विचार केला होता. नीट आठवून, नीट हिशेब करून ती म्हणाली होती, "डावी बाजू. नक्की."

ते कसं पाहिलं हे तिने सांगितलं नव्हतं, आणि कुणी विचारलंही नव्हतं.

दुपारी एकला अहवाल मिळाला. डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसली. आबा आणि नवल पुढे, तानुबाई आणि दिपमाला भिंतीकडच्या बाकावर. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र लावलं. काळ्या पार्श्वभूमीवर मानेतून वर जाणाऱ्या पांढऱ्या नसा दिसत होत्या. एक सरळसोट वर गेलेली. दुसरी मध्येच सुतासारखी बारीक होऊन पुन्हा जाड झालेली.

"मेंदूवर डाग नाही," डॉक्टर म्हणाले. "म्हणजे झटका आला आणि खूण न ठेवता गेला. असे झटके सूचना देतात. पुढचा मोठा असू शकतो. आता ही मानेतली डावी नस बघा. ऐंशी टक्के बंद आहे."

"अरे देवा," नवल म्हणाला.

"थांबा. डावी नस मेंदूच्या डाव्या बाजूला रक्त देते, आणि डाव्या मेंदूचा ताबा असतो उजव्या अंगावर. यांचं तोंड उजवीकडे ओघळलं असतं तर मी म्हटलं असतं, हीच नस गुन्हेगार. उद्याच नाशिकला न्या, पंधरा दिवसांच्या आत ऑपरेशन करून ती साफ करून घ्या, नाहीतर लकवा दारात उभा आहे. पण यांचं तोंड ओघळलं डावीकडे. म्हणजे भानगड उजव्या बाजूची. आणि उजवी नस ही बघा, स्वच्छ." त्यांनी पेनाने पडद्यावर टिचकी मारली. "जी नस आत्ता त्रास देत नाहीये, तिच्यासाठी एकाहत्तर वर्षांच्या माणसाची मान घाईने उघडणं मला पटत नाही. ऑपरेशनचाही धोका असतोच. गोळ्या देतो. हृदयाच्या तपासण्या करू. तीन महिन्यांनी पुन्हा बघू."

आबांनी कवळी बसवली. ती टक्कन बसली, तसं त्यांचं तोंड पुन्हा भरलं.

"व्हयनं समाधान?" ते भिंतीला म्हणाले. "जी नस बंद शे, तिना काही दोष नही. अन् जी बाजूनं नाव सांगं, तठे काहीच नही. मंग खोटं कोन बोलनं? चाल नवल, गाडी काढ."

उठताना नवलने बायकोकडे जे पाहिलं, ते तिला आबांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

तो गोळ्या आणायला खाली गेला. आबा बाहेरच्या बाकावर पाय पसरून बसले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला सांगू लागले की शिकलेली सून घरात आणू नये. दिपमाला तोंड धुवायला कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. रागाने तिचे कान तापले होते. तिने पाण्याचे हबके मारले आणि वर पाहिलं. बेसिनवर आरसा होता. तिच्या मागे तानुबाई येऊन उभी होती, चूळ भरायला.

तानुबाईच्या नाकात चमकी होती. दिपमाला अकरा वर्षं ती बघत आली होती. डाव्या नाकपुडीत. आणि आरशात ती चमकी डावीकडेच लुकलुकत होती.

दिपमालाने नळ बंद केला नाही. ती बघत राहिली.

दरवर्षी पोरांना ती एक वाक्य घोकून घ्यायची, आरशात डाव्याचं उजवं होतं. सोमवारी तिला आबांचं तोंड आरशात उजव्या बाजूला ओघळलेलं दिसलं होतं. दवाखान्यात आठवताना तिने स्वतःला बजावलं होतं, अगं, ते आरशातलं आहे, उलट धर. म्हणून ती डावी म्हणाली होती. पण ती आबांच्या समोर कुठे उभी होती? ती मागे होती. दोघांची तोंडं एकाच दिशेला. आत्ता तानुबाई तिच्या मागे होती तशी. जे उजवीकडे दिसलं ते उजवंच होतं. गावातल्या कुठल्याही अडाणी बाईने बोट दाखवून बरोबर बाजू सांगितली असती. विज्ञानाच्या बाईंनी मात्र डोकं चालवलं होतं.

"सरक ना वं," तानुबाई म्हणाली. "पानी वाया जाई राहिनं."

दिपमाला बाजूला झाली. बंद होत आलेली नस तीच होती. तीच सूचना देत होती. आणि नवल खाली गोळ्या घेत होता.

गप्प बसायचं. तेवढंच करायचं होतं. कुणाला कधीच कळलं नसतं. आणि बोललं तर? आज खोटी ठरलीच होती, पण ती आबांच्या तोंडची खोटी. आता स्वतःच्या तोंडाने ठरली असती. वर आरशाची गोष्ट सांगावी लागणार. ती बाकाकडे वळली. आबा त्या माणसाला सांगत होते, "पगार लयी आनस, म्हनीसन काय डोकावर बसाडानी?" शेजारचा माणूस हसत होता. मर, ती मनात म्हणाली. अगदी स्पष्ट, पूर्ण शब्दांत म्हणाली. मर आणि सुटू दे मला.

मग ती डॉक्टरांच्या दारावर टकटक न करताच आत शिरली.

"सर, मी चुकले. ती बाजू उजवी होती."

डॉक्टरांपुढे दुसरा पेशंट बसला होता. त्यांनी त्याला बाहेर बसायला सांगितलं, आणि सगळ्यांना पुन्हा आत बोलावलं. नवल औषधांची पिशवी घेऊन धापा टाकत आला. डॉक्टरांचा आवाज आता चढला होता.

"बाई, परवा डावी. आज रिपोर्ट बघितल्यावर उजवी. मी नस दाखवली म्हणून आता बाजू बदलताय? हा भाजीबाजार आहे का? तुमच्या शब्दावर मी यांना मान कापायला पाठवू?"

"रिपोर्टमुळे नाही, सर. बेसिनपाशी लक्षात आलं."

"दिपमाला," नवल दबक्या आवाजात म्हणाला, "पुरे आता. किती शोभा करशील?"

आबा हसले. खरोखर हसले, पोट हलवून. "राहू दे रे. आखो एखादी बाजू सापडी तिले."

तानुबाई मात्र हसली नाही. ती सुनेकडे वळून, डोळे बारीक करून म्हणाली, "तू त्यासनं तोंड कवय देखं वं?"

हा प्रश्न चार दिवसांत कुणालाच सुचला नव्हता.

"आरशात," दिपमाला म्हणाली. "दाढी करताना. मी मागून चहा ठेवते तेव्हा आरशात दिसतं. त्याचमुळे चुकले. आरशात उलटं दिसतं असं धरून मी बाजू फिरवली. ती फिरवायची नव्हती."

"एक डाव नजर गई व्हई..." तानुबाई म्हणाली.

"एकदा नाही. रोज बघते."

"रोज?"

"अकरा वर्षं." ती सासूकडे वळली. "या घरात मला सगळ्यात जास्त जो माणूस बोलतो, त्याचं तोंड मला बघायचं नाही म्हणे. मग मी बघायची. राग यायचा म्हणून बघायची. कुठली सुरकुती कुठे आहे ते डोळे मिटून सांगेन. म्हणून सांगते, ओठाचा उजवा कोपरा होता तो."

तानुबाईने पदर तोंडाला लावला. नवल पिशवीच्या बंदाशी चाळा करू लागला. बायको बापाचं तोंड रोज चोरून बघते, याचं काय करायचं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. ते आता दिपमालाकडे नव्हे, आबांकडे बघत होते.

"बाबा, यांनी दोन वेळा दोन गोष्टी सांगितल्या. मी यांच्या एकटीच्या सांगण्यावर जाणार नाही. तोंड तुमचं होतं आणि आरसाही तुमच्यासमोर होता. तुम्ही सांगा. काही झालं नसेल तर गोळ्या घ्या आणि घरी जा. मला दोन्ही चालेल."

आबांना सुटायला वाट मोकळी होती. त्यांनी नुसतं नाही म्हणायचं होतं, आणि चार दिवस ते तेच म्हणत आले होते. नाही म्हणाले असते तर मान शाबूत, शब्द शाबूत आणि सून कायमची खोटी.

त्यांनी टेबलावरचा काचेचा गोळा उचलला, पाहिला, परत ठेवला.

"उजवी," ते म्हणाले.

"काय?"

"उजवी बाजू. साबनना फेस तठूनच खाले उतरी राहिंता. पुसाले गऊ त हात बी उचलाये ना."

"उजवा हात?"

"हां."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "हे परवा सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

"सूनना पुढे तोंड वाकडं व्हयनं," आबा म्हणाले, "हाई काय सांगानी गोष्ट शे?"

डॉक्टरांनी जुना कागद बाजूला सारला आणि नवा ओढला. नाशिकच्या सर्जनसाठी चिठ्ठी लिहायला घेतली. तारीख, वार, बाजू. नवल खुर्चीच्या कडेवर बसून कधी न्यायचं, किती दिवस राहावं लागेल असं विचारू लागला. डॉक्टरांनी त्याला हाताने थांबवलं.

"किती वेळ होतं हे?"

"तिले इचारा," आबा म्हणाले. "मी काय घड्याय लिसन बठेल नव्हतू."

अकरा वर्षांत पहिल्यांदा त्यांनी भिंत सोडून सुनेच्या दिशेला हनुवटी हलवली होती. दिपमालाच्या ते लक्षात आलं, आणि त्यानंतर काय विचारलं जाणार हेही लक्षात आलं. ती दोन मिनिटं म्हणू शकली असती.

"आठ मिनिटं," ती म्हणाली.

"अंदाजे?"

"नाही. आठ वाजून सहा ते आठ वाजून चौदा. घड्याळ आरशाच्या वरच आहे."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं.

"आठ मिनिटं यांचं तोंड आणि हात गेला होता. आणि तुम्ही कुठे होता?"

"तिथेच. मागे."

"कुणाला हाक मारलीत?"

"नाही."

"पुढे गेलात?"

"नाही." तिने ओठ ओले केले. "बघत उभी होते."

नवलने हळूहळू मान वळवली. तानुबाई बाकाची कड धरून अर्धवट उठली होती, ती तशीच राहिली. बाहेर कुणीतरी नंबर पुकारत होतं. डॉक्टरांनी पेन कागदावर आडवं ठेवलं. आणि दिपमाला मान खाली न घालता, आता जे काय यायचं ते अंगावर घ्यायला उभी राहिली.

"लिखा ना, डाक्टर," आबा म्हणाले. "आठच मिनिट. मी बी आरसामा तिलेच देखी राहिंतू."